उपरण्याखालचा चाप

गोमाजीकाका पिस्तुलाचा चाप डाव्या हाताच्या करंगळीने ओढायचे. तेही उघड्यावर नाही. पिस्तूल मांडीवर घ्यायचे, त्यावर खांद्यावरचं उपरणं पांघरायचे, डोळे मिटायचे आणि मग उपरण्याच्या आत काहीतरी चुळबुळायचं. 'टक्' असा आवाज यायचा. काका डोळे उघडायचे, मी त्यांच्या भाकरीत खडा घातल्यासारखे माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "हे काय पिस्तूल हाय? हे तं वखराचं जू हाय! दुसरं दाखव."

देवानं या माणसाला उजव्या हाताला चांगलं जाडजूड पहिलं बोट दिलं होतं. ते बोट नाचवून ते साऱ्या बाजाराला दम द्यायचे. पण पिस्तूल हातात आलं की ते बोट सुट्टीवर जायचं आणि करंगळी कामावर यायची. मला याचा असा संताप यायचा की काय सांगू. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी कान तापतात.

वडील गेले तेव्हा अमरावतीत अंबा दरवाजाजवळचं दुकान, एक न चालणारं मोठं घड्याळ आणि गोमाजीकाका, एवढं माझ्यासाठी ठेवून गेले. पहिल्या दोन गोष्टी विकता आल्या असत्या. काका वडिलांचे मानलेले भाऊ. बडनेऱ्याच्या पुढे, अकोल्याच्या वाटेवर त्यांचं गाव. काळी कसदार जमीन, चार बैलजोड्या, मूलबाळ नाही. दर बाजाराला येऊन ते माझ्या ओट्यावर बसणार आणि माझ्यावर ओरडणार, असा रिवाजच होता. "आधी आयक, मंग चिड," हे त्यांचं पालुपद. ऐकायला मी तयार असायचो, पण ते पुढे काही सांगायचेच नाहीत, त्यामुळे चिडणं तेवढं शिल्लक राहायचं.

काका कोणावर चिडत नसत हे सांगणं सोपं, कारण असं कोणी नव्हतंच. कावळ्यावर चिडत. माझ्या घड्याळावर चिडत. ते बंद होतं म्हणून नाही, बंद असून काटे दाखवतं म्हणून. एकदा न्हाव्यानं अर्धी दाढी झाल्यावर कापसाच्या भावाचं कौतुक केलं. काका तसेच उठले आणि अर्ध्या दाढीनं दिवसभर बाजार फिरले. कोणी हसलं तर म्हणायचे, "हसून काहून राहिला बे? अर्धा तरी मी मानूस हावो, तू किती हायेस ते पाय." उरलेली अर्धी त्यांनी दुसऱ्या न्हाव्याकडे पुढच्या बाजारी केली. अकोल्याबद्दल तर बोलूच नका. "तिथलं पानी खारं, अन् मानसंही खारे." हे वैर का, तर तिथल्या एका दुकानदारानं त्यांना पिस्तुलं बघू देऊन नंतर हात धरून खाली उतरवलं होतं. मला त्या दुकानदाराचा हेवा वाटायचा.

दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत भावाभावांत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कपाशीला सोन्याचा भाव आला. माणसं पिसाळली. ज्वारीची वावरं मोडून कपाशी लावली. कडबा मिळेना, गडी मिळेना, रस्त्यातून गाड्या हलेनात. आयुष्यभर सूर्याकडे बघून जेवलेले लोक माझ्याकडून घड्याळं नेऊ लागले. एकानं दोन नेली, का तर एक खोटं बोललं तर ते दुसऱ्यानं पकडता यावं. त्यांच्याच जिवावर माझं दुकान चालत होतं आणि त्यांच्यावरच मी दिवसभर दात खात होतो. दोन्ही कामं मी मन लावून करायचो.

पैसा आला तसा त्याच्या वासानं चोरही आले. रस्त्यावर गाड्या लुटणारे पूर्वीही होते. आता नवी तऱ्हा सुरू झाली. गावातले कर्ते पुरुष कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्या-खामगावकडे गेले, की मागे घरावर दरोडा. पाच-पंचवीस दिवस घर उघडं, आत बायामुलं. एकाच हंगामात आमच्या भागातली कितीतरी घरं अशी फुटली. म्हणून जो तो पिस्तूल मागू लागला. साहेबाच्या कचेरीतून चिठ्ठी आणायची आणि माझ्याकडून पिस्तूल न्यायचं. बहुतेकांना ते कमरेला दिसलं म्हणजे झालं. आतून ते फुटलं काय नि नाही काय, त्यांना सोयरसुतक नसायचं.

काकांना मात्र पिस्तूल पाहिजे होतं ते चापाचं. थोडं समजावून सांगतो. चाप म्हणजे बोटानं ओढायची कळ. ती ओढली की वरचा घोडा, म्हणजे तो लोखंडी ठोका, सुटून काडतुसावर आपटतो. जुन्या पिस्तुलांना दर गोळीच्या बाराला बोटांच्या चिमटीनं तांब्याची टोपी बसवावी लागे. नवीन आलेली लहान सातबारी, म्हणजे सात बार भरायची, पिस्तुलं वेगळी होती. त्यांच्या काडतुसाच्या बुडाच्या काठातच भडकणारी दारू भरलेली असे. टोपीची भानगड नाही. घोडा मागे चढवायचा, चाप ओढायचा, घोडा त्या काठावर आपटतो, बार निघतो. हातात मावणारी चीज, धक्काही फारसा नाही. ज्या मुलखाच्या भांडणानं आमचा कापूस महाग केला, त्याच मुलखाची ही पिस्तुलं, असं मी गिऱ्हाइकाला सांगायचो. खरं तर निम्मी बेल्जमची नक्कल होती.

काकांनी पहिल्याच दिवशी मोठी सगळी बाजूला सारली आणि या लहानग्यावर बोट ठेवलं. म्हटलं चला, सुटलो. कसला सुटतोय! पिस्तूल उपरण्याखाली गेलं. घोडा अंगठ्यानं चढवतात. काकांनी तो उजव्या तळहाताच्या बुडानं रेटून चढवला, भाकरी थापल्यासारखा. मग करंगळी. मग टक्.

"काका!" मी ओरडलो. "रिकामा घोडा पाडू नका!"

"काहून? तुहा घोडा काय गाभन हाय?"

"आत काडतूस नसलं का घोडा सरळ लोखंडाच्या काठावर आपटते. काठ चेपते. मंग खरं काडतूस घातलं तरी फुटत नाही. माल खराब होते न!"

"असं म्हन न मंग," काका म्हणाले आणि पुन्हा टक् केलं.

पुढच्या बाजारी त्यांनी घरून कापसाचा बोळा आणला, सरकी काढून, नीट पिंजून. घोडा चढवला की त्याच्या नाकासमोर बोळ्याचं बोट सारायचे, मग चाप ओढायचे. आवाज 'टक्'च्या जागी 'ठप्' येऊ लागला. "घे, तुह्या लोखंडाले गादी टाकली," म्हणाले. काठाची चिंता मिटली, पण माझी पिस्तुलं आता म्हाताऱ्याच्या कानासारखी दिसायला लागली, प्रत्येकाच्या भोकातून कापूस बाहेर.

हे चाललं किती, तर कपाशीला बोंडं धरली तेव्हापासून वेचणी संपत आली तोवर. मुंबईहून पेटी आली की काका हजर. एकाचा चाप जड. एकाचा अडखळतो, "अर्ध्यात जाऊन इचार करून राहिला." एक एकदम सुटला, तर त्यालाही नाक मुरडलं. "हे तं फुकरीनं सुटते. अशानं मानूस सोताचाच पाय फोडीन." ते एक जुनं वापरलेलं पिस्तूल होतं, मूठ झिजलेली. मी ते पेटीच्या तळाशी टाकून दिलं. मधेच एक बरं निघालं, काका उपरण्याखाली चाप पुन्हा पुन्हा ओढत राहिले आणि म्हणाले, "ह्याले बाजूले ठेव. ठीक हाय. पन लय ठीक नाही." आणि मग दर खेपेला एकच वाक्य, "गाड्या निघाच्या आदी पायजे, बाबू. ध्यानात ठेवजो."

"चांगलं बोट वापरा न काका! उजव्या हाताचं! एका मिनिटात काम होते!"

"माह्या बोटायची काळजी तू करू नोको."

बाजारात पैजा लागत. कोणी म्हणे काकांना करंगळीत देव आला आहे. कोणी म्हणे त्यांना एका दलालाचा मुडदा पाडायचा आहे आणि हात ओळखू येऊ नये म्हणून ही सगळी तयारी. मला दुसरं खरं वाटे. दलालांची नावं काका ज्या प्रेमानं घेत ते मी ऐकलं होतं.

मग तो दिवस आला.

आमच्या बाजारात कापसाचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर उपरणं टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. बाहेरच्या माणसाला फक्त हलणारं कापड दिसतं आणि दोन ताणलेले चेहरे. त्या दिवशी काका माझ्या ओट्यावर पिस्तुलाशी झटत होते. बोळा घरी विसरले होते, आणि टक् टक् टक् चालू होतं. नवं कोरं पिस्तूल, सकाळीच पेटीतून काढलेलं. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं, आणि शेवटी डोकं फिरलं. उपरण्याखाली हात घातला आणि पिस्तुलाची नळी धरली. काका सोडेनात, मी सोडेना. दोघेही लाल झालेलो, एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घातलेले, आणि मधे हिसके खाणारं उपरणं.

नेमका तेव्हा केवळराम दलाल रस्त्यानं चालला होता.

केवळरामला काय दिसलं? साऱ्या तालुक्यानं माल विकला तरी अडून बसलेला गोमाजी, उपरण्याखाली सौदा करतोय. कोणाशी? घड्याळं विकणाऱ्याशी. म्हणजे ह्या घड्याळवाल्याला मुंबईहून काहीतरी आतली खबर आलेली असणार. केवळराम पुढचा एक शब्द न ऐकता पळाला. शरीर स्थूल, पण पळाला. आमची हिसकाहिसकी चालूच होती, तोवर बाजारात भाव चढला. मग आणखी चढला. मग घेणारे कापूस सोडून माझ्या दुकानाकडे निघाले, कारण खबर तिथे होती.

काचेचे दिवे मी ओट्याच्या कडेला मांडले होते. ते पहिले गेले. मग न चालणारं घड्याळ गेलं, वडिलांचं. "किती बोलला? किती बोलला?" असा एकच गिल्ला. एकानं माझी गचांडी धरली, एकानं पाय धरले. केवळरामनं पुढे होऊन "मी वरचढ देतो" असं म्हणत आमच्या हातांवरचं उपरणं ओढलं, आणि सातबारी पिस्तुलाचं तोंड बरोबर त्याच्या पोटासमोर आलं.

गर्दी जशी आली होती त्याच्या दुप्पट वेगानं गेली. केवळरामची पगडी माझ्याकडे राहिली. भाव संध्याकाळपर्यंत जागेवर आला आणि ज्यांनी चढ्यानं घेतलं होतं ते सगळे मला शिव्या देऊ लागले. मी भाव वाढवला म्हणे! मला कपाशीचं बोंड आणि कांद्याचं बोंड यांतला फरक विचारा, मी सांगेन. त्यापुढे मला कापसातलं ओ की ठो कळत नाही.

काकांना कोणी काही कमी बोललं नाही. म्हातारचळ लागला, बुद्धी फिरली, वेड्याला पिस्तूल कोण देतं. मी वाट बघत होतो, आता हा माणूस फुटेल, एकेकाची सात पिढ्यांपर्यंत आरती करील. एका वाक्यात खुलासा करता आला असता. एवढं ऐकून गप्प बसलेले गोमाजीकाका मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि त्याचाच मला अधिक राग आला.

"काका, उठा," मी म्हटलं. "माह्या बापाचं घड्याळ गेलं. दिवे गेले. आता पुन्हा या ओट्यावर पाय ठेवू नका. पिस्तूल तुमाले इकनार नाही. कोनाले माराचं असन त्याले दगडानं मारा."

काका उठले नाहीत. खाली वाकून काचा वेचू लागले. एक एक तुकडा उपरण्यात ठेवत होते. मग हळू म्हणाले, "गाड्या निघून राहिल्या, बाबू. उद्या नाही तं परवा. पेटी घे अन् चाल माह्यासंग गावाले."

"कायले?"

"इथं नाही सांगत. आधी आयक, मंग चिड."

मी का गेलो? वडिलांनी मरताना सांगितलं होतं की गोमाजीला नाही म्हणू नको. दुसरं कारण असं की मला भांडायचं होतं आणि दुकानात आता भांडायला कोणी उरलं नव्हतं. पेटी गाडीत टाकली. बडनेरा मागे पडलं, दोन्ही बाजूंना वेचून झालेली कपाशी, दूरवर चिटपाखरू नाही. तेव्हा काकांनी बैल थांबवले, मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि माझ्यावर असे ओरडले की बैल दचकले.

"भरल्या बाजारात सांगू काय तुले? का माह्या घरी एकली बाई हाय, अन् तिच्यानं दाराची कडी लावनं होत नाही? सांगू? दहा चोर आयकतीन! तुह्या ओट्यावर कोन बसते, कोन उठते, तुले मालूम हाय?"

काकांचा आवाज उतरला. काकूला वात झाला होता. दोन वर्षं झाली. दोन्ही हातांची बोटं वळून गेली होती, मुळांसारखी. डाव्या हाताची करंगळी तेवढी ऐकत होती. बोटांच्या चिमटीनं टोपी बसवणं तर सोडाच, तिला मिठाची चिमूट उचलता येत नव्हती. उजवा पंजा वळलेला, पण त्याच्या बुडात रेटण्याइतका जोर होता.

"मायेरी धाडा न तिले," मी म्हटलं. "नाहीतं अमरावतीले आना. माह्या घरी."

"जात नाही. लोकायले हात दिसतीन म्हनते. हात पदराभाईर काढत नाही कोनासमोर." काकांनी बैलांना हाकललं. "गडी ठेवला असता. गडी कुठी हाय? सारे कापूस येचाले पयाले. अन् गाड्यासंग मी नाही गेलो तं साल बसलं."

तेव्हा मला आठवलं. लहानपणी मी काकूला कपाशी वेचताना पाहिलं होतं. दोन्ही हातांनी वेचायची, डावा-उजवा असा भेद नाही, आणि तिच्या ओटीत कधी पाला नसायचा. बाया म्हणायच्या हिला दहा बोटं नाहीत, वीस आहेत. त्या हाताचा तिला केवढा तोरा होता.

घरी पोचलो. काकू माजघरात बसली होती, दोन्ही हात पदराच्या आत. मला पाहून म्हणाली, "आला का? इतक्या सालानं आला, तेही तमंचे घेऊन. लोकाचे पोट्टे काकूले लुगडं आनतात." मग काकांकडे वळून, "पोट्टं उपाशी हाय. पाहून काय राहिले? पीठ मळा."

आणि साऱ्या अमरावतीच्या बाजाराला धाक घालणारे गोमाजीकाका धोतर खोचून चुलीपुढे बसले आणि पीठ मळू लागले. भाकरी हातावर थापली, तव्यावर टाकली. बरी टाकली. काकू बसल्या जागेवरून ओरडत होती, "काठ फाटला! पानी लावा! तुमाले किती खेपा सांगितलं?" काका मान खाली घालून "हो वं, हो वं," म्हणत होते. घरात चिडायची मक्तेदारी कोणाकडे होती ते मला त्या दिवशी कळलं.

जेवण झाल्यावर घोंगडीवर पिस्तुलं मांडली. काकांनी बाजूला ठेवायला सांगितलेलं, ते 'ठीक पण लय ठीक नाही' वालं, सगळ्यात आधी उचललं. पुसलं. घोड्यापुढे कापसाचा बोळा सारला. "हे पाय," म्हणाले, "मी पायलं हाय. तुह्या करंगळीचा मले अंदाज हाय."

पिस्तूल पदराखाली गेलं. काकूनं तळहाताच्या बुडानं घोडा रेटला. चढला. मग आम्ही थांबलो. पदर हलेना. काकूच्या कपाळाला घाम आला. पदर जरासा थरथरला आणि पुन्हा थांबला. आवाज काही आला नाही.

काकांनी एवढे महिने आपल्या करंगळीतला जोर अर्धा करून, पाव करून चाप ओढले होते. पण ती करंगळी वखर धरणाऱ्या माणसाची. काकूच्या हातात उरलं किती होतं, ते त्यांना कळलंच नव्हतं. आता कळत होतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

काकूनंच तोंड उघडलं. पिस्तूल पदराबाहेर ढकललं आणि माझ्यावर कडाडली, "जंगलेला माल आनते हे! बापाचं नाव बुडवलं!"

माझ्या मालाला असं कोणी बोललेलं मी आयुष्यात खपवून घेतलेलं नाही. ते पिस्तूल कोरं होतं, तेल दिलेलं होतं, जंगाचा ठिपका नव्हता. माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं. मग मी काकांकडे पाहिलं.

"हो काकू," मी म्हटलं. "जंगलाच हाय. पावसाचं पानी गेलं पेटीत."

"मंग दुसरं दे न. तोंड काय पाहून राहिला?"

दुसरं झालं, तिसरं झालं. शेवटी मी तळाशी हात घातला आणि ते जुनं, झिजल्या मुठीचं काढलं. काका लगेच भडकले. "ते नोको! ते फुकरीनं सुटते. पाय फोडून घेशीन!"

"माह्या पायाचं मी पाहीन," काकू म्हणाली.

पदराखाली घोडा चढला. करंगळी लागली. ठप्.

काकू हसली. पुन्हा घोडा चढवला, पुन्हा ठप्. वावरात पहिलं बोंड फुटलेलं दिसावं तसा तिचा चेहरा झाला होता. "हे," ती म्हणाली. काका धोक्याचं काहीतरी पुटपुटले, पण त्यांचं ऐकतो कोण. मग तिनं त्यांच्या खांद्यावरचं उपरणं मागितलं. "सौदा मी करीन. तुमाले भाव करता येत नाही, सदा ठकून येता."

उपरणं आमच्या मधे पसरलं. मी हात आत घातला. पदरातून तिचा हात कापडाखाली आला, आणि एका करंगळीनं माझं बोट दाबलं. दाबलं म्हणजे काय, नुसतं टेकल्यासारखं वाटलं. काय भाव ठरला ते मी सांगणार नाही. आमच्यात उपरण्याखालचं उपरण्याखालीच राहतं. एवढं सांगतो की तिनं घासाघीस केली आणि मी हरलो.

गाड्या निघाल्या. काका परत आले तेव्हा ओट्यावर बसण्याआधीच ओरडायला लागले, म्हणजे सगळं ठीक होतं. चोर आले नव्हते. केवळराम आला होता. मालक घरी नाही असं बघून पुढच्या सालचा सारा कापूस काकूकडून आत्ताच ठरवून घ्यायला आला, आणि दारातून हलेना. काकूनं पदरातूनच बार काढला. कौलाचा चुरा झाला, पदराला भोक पडलं, आणि केवळराम जोडे सोडून गेला. "आदी पगडी, आता जोडे," काका म्हणाले. "हळूहळू सारा केवळराम जमा होईन आपल्याकडं." आणि मग लगेच चिडले, की कौलं कोण शाकारणार.

ती लढाई मिटली. भाव आपटला. घड्याळं परत येऊ लागली आणि पिस्तुलंही. लोकांनी मोडलेली ज्वारी पुन्हा पेरली. त्याच हंगामात, होळीच्या सुमारास, काकू गेली. झोपेतच गेली. दिवसांना मी गेलो होतो. काका सगळ्यांशी भांडले. भटजीशी भांडले, पत्रावळीवाल्याशी भांडले, पिंडाला कावळा पटकन शिवला म्हणून कावळ्याशी भांडले.

मग बरेच बाजार ते आले नाहीत. आले ते एका दुपारी, उन्हात. ओट्यावर बसले, कमरेचं पिस्तूल काढून माझ्यासमोर आपटलं.

"घे तुहं लोखंड. चाप बिघडला."

मी उचललं. सातही भोकं रिकामी. घोड्याच्या नाकाशी कापसाचा बोळा होता, दाबून दाबून टणक झालेला. घोडा चढवला, चाप ओढला. ठप्. पहिल्यापेक्षाही मऊ. रोज कोणीतरी चालवल्याशिवाय चाप असा होत नाही.

"काका, कुठी बिघडला? चांगला हाय."

"मले सांगते? म्या पायला नसन?" ते ओरडले. "लय हलका हाय! असा चाप कामाचा नाही! कोनाले पायजे असा चाप?" रस्त्यावरचे लोक वळून बघू लागले. मग काकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आमच्या दोघांच्या मधे टाकलं.

मला वाटलं, परतीचा सौदा करायचा आहे. मी हात आत घातला.

त्यांनी भाव केला नाही. डाव्या हाताची करंगळी माझ्या बोटावर ठेवली, आणि जरासा दाब दिला. नुसतं टेकल्यासारखं वाटलं, एवढाच. काकूचा तो दाब मला ओळखता आला. पुन्हा एकदा दिला, तसाच, ना कमी ना जास्त. एवढे महिने माझ्या ओट्यावर बसून त्यांना जो अंदाज आला नव्हता, तो आता बरोबर आला होता.

समोरून कोणीतरी दलाल थांबला. उपरणं पाहिलं, आमचे चेहरे पाहिले आणि लगबगीनं जवळ येऊन विचारू लागला, "काय भाव, गोमाजी? काय भाव झाला?"

"चालता होय इथून!" काका गरजले. अख्खा बाजार हादरला. पण हात त्यांनी काढला नाही, आणि मीही काढला नाही.